झुंबरबाईचा गुडघा

कॉलेजच्या कँटीनमध्ये कुजबुज होती, की शिपाई वना आपल्या मेलेल्या बायकोला प्रयोगशाळेच्या कपाटात जिवंत ठेवतो आणि दिवसाआड तिला गुलाबी सरबत पाजतो. अशी बातमी जळगावभर फिरायला रिक्षा लागत नाही. कँटीनवाला तोताराम पुरतो.

"वनाभाऊ, वहिनी कशी शे?" चहा ओतता ओतता तो विचारायचा.

"तुना चहापेक्षा बरी शे."

सगळे हसायचे. मग वनाचं तोंड पाहून चहात बघायचे.

वनाची बायको झुंबरबाई चोपड्याकडची. तीस वर्षं केळीचे घड वाहून उजवा गुडघा कामातून गेला. ऑपरेशनात तो बदलला, तेव्हा काढलेली कूर्चा, सांध्यातली मऊ गादी, प्रयोगासाठी द्यायला तिने कागदावर अंगठा उठवला. वर म्हणाली, "मले काय त्यानं लोनचं घालनं शे!" बर्फाचा तो डबा दवाखान्यातून प्रयोगशाळेत वनानेच आणला.

दीड महिन्यात झुंबरबाई काविळीने गेली. दहाव्याला तापीकाठी घास ठेवला. दुपार टळली तरी कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. बाया पुटपुटल्या, "कसा शिवी तो? अजून बठ्ठी कुठे गयी ती!"

ती सगळी गेलेली नाही, हे वाक्य वनाच्या मानगुटीवर बसलं.

प्रयोगशाळेच्या उबदार कपाटात एका बशीत झुंबरबाईच्या पेशी होत्या. प्रयोग करणाऱ्या मोनाली मॅडमनी त्या आधी वाढवून, दहाव्यानंतर जेलमध्ये सोडलेल्या. जेल माणसाने रसायनातून घडवलेलं, जवळजवळ सगळं पाणीच, भिजल्या साबुदाण्यासारखं नितळ. त्यात पेशींना ओढ लावणाऱ्या द्रव्याची एक बारीक रेघ. वनाने तरुणपणी शेतांत ठिबकच्या नळ्या अंथरल्या होत्या. मुळं पाण्याकडे कशी वळतात हे त्याला कुणी शिकवायला नको. सूक्ष्मदर्शकाच्या स्क्रीनवर पेशी तशाच, रेघ धरून सरकत होत्या. शेवटची दोन वर्षं भिंत धरून मोरीपर्यंत जाणारी बाई न लंगडता चालली होती. वनाच्या अंगावर काटा यायचा, आणि तरी तो रोज बघायचा.

प्रयोग अठ्ठावीस दिवसांचा. त्यानंतर बशीत ब्लीच ओतायचं, आणि ते काम वनाचं. एकोणतिसाव्या दिवशी बशी जागेवर नव्हती. मोनाली मॅडमना ती खालच्या फळीवर, पार मागे सापडली. त्यांनी जुना पोषणद्रव काढून नवा घातला आणि बशी होती तिथेच सरकवली.

पण जेलही तेवढ्याच दिवसांच्या बोलीचं. ते विरघळू लागलं, रेघ पुसली गेली. पेशींना धरायला काही उरलं नाही. त्या अंग आखडून गोल झाल्या, एकेक सुटून तरंगू लागल्या.

"ताई, तिले धराले भिंत नही, ती पडी राहिनी," वना म्हणाला.

"पेशी आहेत त्या, वनाभाऊ."

"हां. पन मी जाऊ देत नही, म्हनीसन पडी राहिनी."

मोनाली मॅडमनी ब्लीचची बाटली काढली. "मी ओतू का?"

"नको. मनं काम शे."

कपाटात झुंबरबाई नव्हती. तिच्या उजव्या गुडघ्याच्या पेशी होत्या आणि गुलाबी सरबत म्हणजे त्यांचा पोषणद्रव. वनाने त्या सहा दिवस लपवल्या, मोनाली मॅडमनी जगवल्या, आणि चौतिसाव्या दिवशी दुपारी साडेतीनला वनाने त्यांच्यावर ब्लीच ओतलं.