खिळाबाईंचा शोकप्रस्ताव

आवक-जावक टेबलावरच्या बाईंना कचेरीत सगळे खिळाबाई म्हणत, कारण सकाळी दहाला त्या खुर्चीत ठोकल्या गेल्या की संध्याकाळी सहालाच निघत. येणारा-जाणारा प्रत्येक कागद त्यांच्याकडून नंबर घेऊनच पुढे सरके. कागद आपणहून टेबलापाशी येत होते, मग बाईंनी कशाला उठायचं? पाण्याची बाटलीसुद्धा शिपाई भरून आणून द्यायचा. अशी सव्वीस वर्षं बसून काढली आणि एका दुपारी छातीत कळ आली, डावा हात जड झाला, अंगाला दरदरून घाम फुटला. चार मजले त्यांना खुर्चीसकट उचलून उतरवावं लागलं.

हृदयाची एक वाहिनी बंद झाली होती, ती डॉक्टरांनी उघडली. दीड महिन्याने बाई परत आल्या, तर जावकच्या ट्रेमध्ये हा एवढा ढीग! त्या मुकाट्याने नंबर टाकत सुटल्या. मध्येच एक शोकप्रस्ताव निघाला. ‘आमच्या मनमिळाऊ सहकारी आपल्यातून निघून गेल्या.’ कोण बिचारी, म्हणून बाईंनी पुढे वाचलं, तर नाव त्यांचंच.

अक्षर हेडक्लार्कचं. आयत्या वेळी धावपळ नको म्हणून हा गृहस्थ प्रत्येक गोष्टीचा मसुदा आधीच करून ठेवायचा. बाई अतिदक्षता विभागात गेल्या त्याच संध्याकाळी त्याने हा लिहिला, तारखेची जागा तेवढी कोरी ठेवली, आणि बाई बचावल्यावर ट्रेमधून काढायला विसरला. खाली आणखी एक ओळ होती: रिकाम्या टेबलासाठी त्याच्या भाच्याचा विचार व्हावा. म्हणजे सुंठीवाचून खोकला जायची वाट पाहत होता मेला! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

“फाडून टाक गं आई,” लेक म्हणाली. “तुझ्या छातीला राग सोसायचा नाही.”

“फाडू? चौदा महिन्यांनी तो निवृत्त होतोय. त्याच्या निरोपाला मी उभी राहून हा वाचणार आहे.”

“त्यासाठी आधी तू असायला हवीस ना!”

हे मात्र बाईंना पटलं. डॉक्टरांचा कागद त्यांनी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. सुरुवातीला दहा मिनिटं चाला, हळूहळू अर्ध्या तासावर या, आणि तासाभरापेक्षा जास्त एका जागी बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या बागेच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी दुसऱ्या बाकापर्यंतच दम लागला. बाकावर बसून त्यांनी हेडक्लार्कला मनातल्या मनात शेलक्या शिव्या घातल्या आणि उठल्या. कुणी देवाचं नाव घेत चालतं, बाई दुष्मनाचं घेत चालायच्या. पाऊल उचलवेनासं झालं की पर्समधली घडी चाचपायची, बस्स.

कचेरीतही त्यांनी डाव मांडला. हेडक्लार्कचे कागद शिपायाकडे देणं बंद. दर तासाला स्वतः उठायचं, लांबलचक व्हरांडा ओलांडायचा, त्याच्या पुढ्यात कागद ठेवायचा आणि गोड आवाजात म्हणायचं, “आहे हो मी अजून.” पहिल्यांदा तो हसला. आठवड्याभरात त्याने ड्रॉवर उपसून पाहिला, ट्रे उलटा केला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. विचारायची सोय नव्हती. चौदा महिने बाईंनी त्याला असा मंद आचेवर शिजवला. तेवढ्या काळात त्या चार मजले जिन्याने चढायला लागल्या, आणि तो मात्र खुर्चीतच फुगत गेला.

निरोपाच्या दिवशी बाई उठल्या आणि शोकप्रस्ताव पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, भाच्यासकट. सभागृहात हशा पिकला, तसा हेडक्लार्क कागद घ्यायला उठून आला. खुर्चीपासून बाईंपर्यंत जेमतेम बारा पावलं, पण तेवढ्यानेच त्याला धाप लागली होती. त्याने छातीवर हात ठेवला होता, आणि तो हात बाईंनी ओळखला.

त्यांनी कागद त्याच्या हातात दिला. “तारखेची जागा अजून कोरीच आहे, साहेब. नाव बदललंत की तुमच्या कामाला येईल.”

त्या रात्री बाईंना निवांत झोप लागली. उट्टं निघालं होतं, आता कशाला चालायचं, असं सकाळी वाटलंही. पण पाय ऐकेनात.

पंधरा दिवसांनी फाटकाशी हेडक्लार्क उभा होता, पायात कोरे करकरीत बूट.

“छाती दाखवलीत डॉक्टरांना?” बाईंनी विचारलं.

“दाखवली. चाला म्हणाले.” त्याने मान खाली घातली. “त्या कागदाचं, बाई...”

“माफ केलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या बाकापर्यंत या. आज तेवढंच झेपेल. दम लागला की मला शिव्या द्या, उपयोग होतो.”

आणि त्या झपझप पुढे निघून गेल्या.