रुद्रय्यांचा लोहचुंबक आणि निपाणीचं ताट

लक्ष्मीपुरीतल्या रुद्रय्या भंगारवाल्यांचा माणसांवर विश्वास नव्हता, लोहचुंबकावर होता. मोडक्या मोटारीतून निघालेला तो तुकडा कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. कुणी मोड घेऊन आला की आधी चुंबक टेकवायचे, मग ‘बसा’ म्हणायचे. चिकटलं की लोखंड, नाही चिकटलं की पितळ-तांबं. वीस वर्षं चुंबकानं दगा दिला नव्हता.

सत्तावन्न साली त्यांच्या लेकीचा, रत्नव्वाचा साखरपुडा ठरला. चार स्थळं नाकारून पोरीनं या एका शिवलिंगला होकार दिला होता. त्याचे वडील मल्लाप्पा, निपाणीचे भांड्यांचे व्यापारी. त्यांनी शकुनाचं म्हणून नव्या स्टेनलेस स्टीलचं ताट आणलं. आळीतल्या बायका त्यात तोंडं बघू लागल्या. रुद्रय्यांचा हात खिशात गेला.

“पावणं, कशाचं म्हणालासा?”

“स्टीलचं.”

“म्हंजे पोलादच की!”

चुंबक टेकवला. घसरला. ताट उलटं करून टेकवला. पुन्हा घसरला.

“पोलाद, आन् चिकटत न्हाय? जर्मनचं हाय हे, निव्वळ अल्युमिनियम!”

“अहो,” त्यांची बायको दानम्मा कुजबुजल्या, “माझ्या पाटल्यांस्नी तरी कुठं चिकटतोय त्यो?”

“पाटल्यांस्नी कोण पोलाद म्हणतंय? जावईबापू, चप्पल दाखवा.” टाचेच्या खिळ्याला चुंबक टक्कन बसला. “बघा! खिळा खरा, ताट खोटं!”

“मामा, खिळा गंजलाय की,” शिवलिंग म्हणाला. “ताटात दुसरं धातू मिसळल्यात. त्यानं गंज बी धरत न्हाय, चुंबक बी धरत न्हाय.”

“मला शिकवू नगा! हे परत न्या, चिकटणारं आणा.”

मल्लाप्पा ताडकन उठले. “शकुनाचं ताट परत? म्हंजे सोयरीक मोडली. चल रे!”

शिवलिंग उठला, पण पाय निघेना. रुद्रय्यांनी ताट पुढं केलंच होतं, तेवढ्यात माजघरातून रत्नव्वा आली. शालू सावरत तिनं बापाच्या हातून ताट घेतलं, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पातेल्यातून डावभर शिरा त्यात वाढला आणि भर बैठकीत फतकल मारून खायला लागली.

“रत्ने! अगं लाज हाय का?”

“उष्टं केलं, अप्पा,” ती भरल्या तोंडानं म्हणाली. “आता द्या बघू उष्टं ताट पावण्यांच्या हातात!”

 मल्लाप्पांचं पोट हसून हलायला लागलं. ते खाली बसले. “सूनबाई, हिकडं बी वाढा की.”

रुद्रय्या लेकीकडं वाकले. आवाज पार पडला होता.

“रत्ने, ह्या ताटात शिरा कळकून कडू तर झाला न्हाय न्हवं?”