टोपलीची गाठ

मांजराला मोटारीतून कसं न्यायचं, हा त्या आठवड्यातला आमच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. निदान माझ्यापुरता तरी. बाबांना सेक्टर दहामध्ये मोठं क्वार्टर मिळालं होतं आणि आम्ही सेक्टर सहा सोडणार होतो. सामान ट्रकनं जाणार होतं. आईला आठवा महिना होता, ट्रकचे हादरे तिला सोसले नसते, म्हणून बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, दुर्गहून आपली जुनी मोटार आणणार होते. मोटारीत आई, देव, लोणच्याची बरणी, मी आणि मांजर असं ठरलं होतं. ठरलं होतं हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं ते कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मी नऊ वर्षांची होते. पोलादाचा प्लांट उभा राहत होता, माणसं कुठून कुठून येत होती. शाळेत सगळ्या मुली हिंदीत बोलत आणि मी तोंड उघडलं की हसत. घराबाहेर माझी मराठी ऐकून घेणारं एकच होतं, ते करड्या रंगाचं, एका कानानं फाटकं मांजर. ते बाथरूमच्या मागं सापडलं होतं आणि माझं एकटीचं होतं.

बाबा प्लांटमध्ये रिगर होते. लोखंडाचे गर्डर दोराला बांधून वर चढवायचे, हे त्यांचं काम. गाठीच्या बाबतीत ते देवधर्मापेक्षा कडक. मी त्यांच्यामागं लकडा लावला, तेव्हा त्यांनी एका रविवारी मला अंगणात बसवून गाठ शिकवली. "जेवढी ओढशील तेवढी आवळते," ते म्हणाले. "आमच्याकडं गाठ सुटली का खाली माणूस मरते. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. बाजारातून बांबूची खोल टोपली आणवली. आईचं जुनं लुगडं तिच्यात अंथरलं आणि चार दिवस ती स्वैपाकघरात उघडी ठेवली, म्हणजे मांजर आपणहून तिच्यात झोपायला लागेल. लागलं. निघायच्या सकाळी त्याला दूध दिलं नाही, मोटारीत ओकलं असतं. टोपलीच्या तोंडावर हवा जाईल असं विरळ गोणपाट घातलं आणि सुतळीनं बांधलं. बाबांनी सुतळीला धरून टोपली उचलली, हलवून पाहिली, गाठीवर अंगठा दाबला. "पक्की," म्हणाले. बाबांच्या तोंडून हा शब्द त्यांच्या हाताखालच्या माणसांनासुद्धा सहज मिळत नसे. मी दिवसभर हवेतच राहिले असते.

मोटारीत टोपली माझ्या मांडीवर होती. उकाडा होता तरी मी काचा वर करायला लावल्या. मोठेबाबा पुढून म्हणाले, "काय बाप्पा, मांजराची वरात हाय का?" मीही हसले. गोणपाटातून बोट घालून बसले होते, ते मांजर चाटत होतं.

पाच-सात मिनिटांत नवं क्वार्टर आलं. मी टोपली घेऊन उतरायला लागले तर आईनं हात धरला. "पहिले देव अन् कुमारिका. जनावर मागून." हे मला ठाऊक होतं. आमच्यात नव्या घरात पहिलं पाऊल देव घेतलेल्या कुवार पोरीचं असतं. टोपली घसरू नये म्हणून मी ती मागच्या सीटपुढं खाली सावलीत नीट टेकवली. मांजराला म्हटलं, आलेच. देवांचं ताट उचललं आणि आत गेले.

आत शेगडीवर दूध ठेवलं होतं. ते उतू जाईपर्यंत उठायचं नाही, असं आईनं सांगितलं. मी हात जोडून बसले. दूध वर यायच्या आधीच बाहेर मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. मी आईकडं पाहिलं. आई दुधाकडं पाहत होती.

संध्याकाळी मोठेबाबा रिकामी टोपली घेऊन आले. दुर्गला काम निघालं होतं म्हणे. वाटेत गाठ सुटली, मांजर खिडकीतून उडी मारून पळालं. "ढिली बांधली होती पोरीनं."

मी बाबांकडं पाहिलं. ते तिथंच उभे होते. आता हे बोलतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. मग ते बोलले, "होते कधी कधी."

बाबांनीच म्हटलं म्हणजे गाठ ढिलीच असणार. त्यानंतर कित्येक महिने मी शाळा सुटली की सेक्टर दहा ते सेक्टर सहा पायी जाऊन मांजर शोधलं. जुन्या क्वार्टरमधल्या नव्या बाईंनी सुरुवातीला मला बाथरूमच्या मागं पाहू दिलं, नंतर दार लावून घेतलं. भाऊ झाला तेव्हा पाळण्याची दोरी बांधायला आईनं मला हाक मारली, तर मी रडून घर डोक्यावर घेतलं. माझ्या हातून तो पडून मेला असता. सगळ्यांना वाटलं, पोरीला भावाचा मत्सर वाटतो. मी तसं वाटू दिलं. पुढं कुठलीही गाठ मी तीनतीनदा बांधायची, मग उठून पुन्हा पाहून यायची.

दहा-अकरा वर्षांनी माझा साखरपुडा झाला. जेवणाच्या पंगतीत मोठेबाबा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांपुढं माझं कौतुक करायला लागले. "पोरगी कामाची एकदम पक्की. लहान होती तं हिच्या मांजराले शिवनाथच्या तिकडच्या बाजूले सोडायले नेलं. नदी ओलांडली का मांजर घर विसरते. पण हिनं मारलेली गाठ सुटूनच नाही राहिली! शेवटी चाकूनं सुतळी कापली."

पंगत हसली. घरात बाळ येणार असलं की मांजर दूर सोडून येतात, ह्यात कोणाला काही नवल नव्हतं. बाबाही हसले. मग त्यांची नजर माझ्याकडं गेली आणि ते वाटीतली खीर ढवळायला लागले.

पाहुण्यांना पोचवून आल्यावर मी त्यांना ओसरीतच गाठलं. मांजर सोडलं, त्याचा राग मी गिळला असता. आईला भीती वाटत होती, मान्य. पण मी म्हटलं, "गाठ तुम्ही सोता पाहिली होती बाबा. मग माझ्यावर आळ काहून येऊ दिला?"

बाबा वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागले. "खरं सांगितलं असतं तं तू नदीवर गेली असती," ते म्हणाले. "एकटी. पुलावरून. तुले मी वळखत नाही का?"

ओळखत होते. मी गेलेच असते, दुसऱ्याच दिवशी. आणि मांजर मला तिथं सापडलं असतं.