आरशासाठी उतरवलेली बांगडी

माळा आवरताना माझी दहावीची विज्ञानाची वही सापडली आणि पान उघडताच झेंडूचा वास आल्यासारखं वाटलं. अंतर्वक्र आरशाच्या सहा आकृत्या सकाळी शाळेत दाखवायच्या होत्या आणि माझा परकार हरवला होता. मखमलाबादच्या मळ्यात, घराच्या ओट्यावर आई बाजारासाठी हार ओवत होती. कामात बांगड्या वाढून तिच्या दोन्ही हातांत एकेकच उरली होती. माझी रडवेली धुसफूस ऐकून तिने साबण लावून उजव्या हातातली काढली. "घे, गोलच पायजे ना? पण आटप लवकर, मोकळा हात बरा नाय." मग हाराचा दोरा त्या मनगटाला गुंडाळून ती पुन्हा ओवायला लागली. मी बांगडीभोवती पेन्सिल फिरवायची, पट्टीने मध्य शोधायची आणि आरशापुरती कमान ठेवून बाकीचं वर्तुळ खोडायची. सहाव्या आकृतीतले किरण काही केल्या भेटेनात, ते आरशाच्या मागे वाढवायचे असतात, हे आठवेपर्यंत आईने तीनदा विचारलं, "झालं का गं?" बांगडी हातात चढली, तेव्हाच तिने दोरा तोडला. बाईंनी लाल शाईत लिहिलेलं 'सुबक' मी तिला ऐटीत दाखवलं. खोडलेल्या वर्तुळाचा पुसट माग वहीत अजून दिसतो. आज त्यावर माझ्या हातातली बांगडी ठेवली, तर ते वर्तुळ सगळंच्या सगळं आत राहिलं. फुलांच्या भरल्या पाट्या उचलणारं आईचं मनगट एवढंसं होतं, आणि ते मी तेव्हा पाहिलंच नव्हतं.