चीनची बाई आमच्या ओसरीवर

माझ्या भावाला दुसऱ्याच्या खोड्या काढल्याशिवाय अन्न पचत नाही. तो तेव्हा हैदराबादला नोकरीला होता आणि रविवारी फुटपाथवरून जुनी इंग्रजी पुस्तकं उचलायचा. माझे सासरे लाल बावट्याचे जुने कार्यकर्ते, अख्खी परभणी त्यांना कामरेड म्हणते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. एका दिवाळीला त्याने पुस्तकांचा गठ्ठा पाठवला. सोडून बघते तर तिन्ही पुस्तकं चीनची, आणि तिन्ही तिथल्या कम्युनिस्ट राजवटीच्या छळातून जिवंत सुटलेल्या माणसांनी लिहिलेली. मी तो गठ्ठा मुकाट्याने कपाटात साड्यांखाली सरकवला. आमच्या घरात चीन हा विषय काढायचा नसे.

त्याचं कारण होतं. मामा, म्हणजे माझे सासरे, मूळचे नगरकडचे. कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांची संघटना बांधायला तरुणपणी परभणीत आले, तेव्हा त्यांना ओळखणारं इथं काळं कुत्रं नव्हतं. एका अर्जनवीसाने त्यांना आपल्या घरात झोपायला जागा दिली. हे गृहस्थ कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले आणि बोलायला मोठे गोड. दोघांनी मिळून मोर्चे काढले, एका ताटात जेवले. पुढे चीनची लढाई झाली. चीनची चूक आहे, असं अर्जनवीस उघड बोलले, मामा दुसऱ्या बाजूला गेले, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, पण मामा स्टेशनला जाताना मुद्दाम लांबचा रस्ता धरायचे. ऑटोत असले तर ऑटोवाल्यालाही तोच धरायला लावायचे. एवढा जवळचा मित्र माणसाने गमावला आणि ते दुःख कुणाला दाखवलंही नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

त्या हिवाळ्यात मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्याला टाके, वर हिरवी पट्टी, आणि वाचन बंद. भज्यांच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकणारा माणूस, त्याने दोन दिवसांत घर डोक्यावर घेतलं. रेडिओ लावला तर रेडिओशीच भांडायचे. पेपर वाचून दाखवावा तर पेपरात तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराशिवाय दुसरं काही नसे. कुठे मोर्चा, कुठे बंद, कोणी काय विष ओकलं. "एक नाव द्यायला एवढी वर्षं लागतात का यांना?" असं म्हणत मामा ताडकन उठून बसायचे आणि पट्टी सरकायची. शेवटी माझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, पेपरवाल्यालाच दारातून परत पाठवलं.

"सूनबाई," एके दुपारी मी शाळेतून आल्या आल्या मामा म्हणाले, "साड्यांखाली काय लपवलंय?"

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या लसूण सोलत होत्या आणि फारच मन लावून सोलत होत्या.

मी खरं ते सांगून टाकलं. मला वाटलं होतं आता पुस्तकं रस्त्यावर जातील. मामा म्हणाले, "शत्रूचं साहित्य ऐकून घ्यावं. वाच."

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे इंग्रजीतून वाचायचं आणि तोंडाने मराठी सांगायचं हे मला नवं नव्हतं. मुली मध्येच जांभया देत. मामा मध्येच खटला चालवत. पहिलं पुस्तक एका कैद्याचं होतं, थंडीत दगड फोडणाऱ्या आणि भुकेने कासावीस झालेल्या. रात्री हे कैदी एकमेकांना आपल्या आईच्या हातच्या पदार्थांची कृती सांगत. "हा अपवाद आहे," मामा म्हणाले. पुढच्या पानावर दुसरा कैदी मेला. "तोही अपवाद," मामा म्हणाले.

आत्याबाईंना राजकारणाशी कर्तव्य नव्हतं. त्यांची चौकशी वेगळीच. "खायला काय देत्यात म्हणं त्यांला?"

"ज्वारीची पातळ कांजी."

"म्हंजे आंबील की," त्या म्हणाल्या. "तिकडं जवारी पिकती? मंग आपल्यावानीच लोक हायेत म्हणा ते." आणि तिथून पुढे त्या रोज वेळेवर ओसरीवर येऊन बसू लागल्या. चीनमधले जमीनदार, कैदी, पहारेकरी, सगळे त्यांच्या दृष्टीने पेडगावचे, म्हणजे त्यांच्या माहेरचे झाले. फक्त नावं त्यांना पाठ होईनात, म्हणून एकाला त्या लंगडा म्हणायच्या आणि एकाला चुगलखोर. वाचनाला अशी रंगत आली की मला शाळा कधी सुटते असं व्हायचं, आणि मी मास्तरीण होते.

दुसरं पुस्तक एका शाळामास्तरणीचं होतं. तिची चूक एवढीच की तिचा भाऊ परदेशी राहत होता. एक दिवस शाळेच्या अंगणात सभा भरते. बाईच्या गळ्यात पाटी अडकवून तिला बाकावर उभं करतात, आणि चुका कबूल कर म्हणतात. मग तिची जिवाभावाची मैत्रीण उठते, जिच्याबरोबर ती रोज डबा खायची, आणि तिच्या एकेक चुका वाचायला लागते. बाई तिच्याकडे बघत राहते. मैत्रीण मान वर करत नाही.

मी थांबले. मामा 'अपवाद' म्हणाले नाहीत.

"परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचलं.

"अशी सभा मीपण घेतलीय," मामा म्हणाले. "पाटी नव्हती. बाक होता."

सभेतलं घरच्या बायकांना सांगायचं नाही, हा कायदा लाल बावट्याच्या घरातही पाळला जायचा. त्या दिवशी पहिल्यांदाच तो मोडला. चीनच्या लढाईनंतर मुंबईहून एक पुढारी आला होता. जिनिंगमागच्या खोलीत सभा झाली. बसलेले बहुतेक मामांसारखेच बाहेरून आलेले. अर्जनवीसांना उभं केलं, आणि प्रश्न विचारायचं काम दिलं मामांना. तुझा स्नेही आहे, तूच विचार, असं पुढारी म्हणाला.

"मी विचारत गेलो," मामा म्हणाले. "वाटत होतं, एकदा चुकलो म्हणेल आणि विषय संपेल. तर हा सरळ म्हणाला, 'मी राजीनाम्याला तयार हाय. आत्ताच करून टाकू.' पुढारी म्हणाला, मंजूर. मी लिहून द्यायला कागद पुढे केला, तर तो कागद खाली टाकून निघून गेला. पार्टी सोडली ती सोडली. मलाही एका मिनिटात सोडलं."

"सोडलं कुठं?" आत्याबाई म्हणाल्या. "राजीनाम्याला तयार हाय म्हणले की."

"मी तेच सांगतोय."

"काय सांगायलाव? माझ्या भावाचा आन् चुलत्याचा बांधावरून राजीनामा झाला न्हाई का कोर्टात? आता एकमेकाच्या घरी जेवायलेत ते."

मामांना कळेना, आणि मला एकदम कळलं. मी इथल्याच, गंगाखेडची. आमच्याकडची जुनी माणसं नोकरी सोडायला इस्तीफा म्हणायची. राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी होऊन भांडण मिटवणं. निजामाच्या कोर्टातला शब्द, आणि अर्जनवीस जन्मभर तेच लिहीत बसलेले. इतकी वर्षं परभणीत राहून मामांना हे ठाऊक नसावं याचं नवल वाटेल, पण मामा कोर्टाची पायरी चढले ते नेहमी आरोपी म्हणून, आणि त्यांच्याशी तडजोड करायला सरकार कधी राजी नव्हतं. त्यांच्या कानाला माहीत होता तो पुण्या-मुंबईचा राजीनामा.

मी हे सगळं समजावून सांगितलं. एरवी वर्गात पटवायला मला एवढे कष्ट पडत नाहीत. मामा भिंतीला टेकून बसले. "म्हणजे तो मिटवू म्हणत होता," एवढंच बोलले आणि त्या रात्री जेवले नाहीत. पुढे दोन-तीन दिवस पुस्तक उघडलंच नाही. आत्याबाई मला हळूच विचारायच्या, "त्या मास्तरणीचं काय झालं गं पुढं?" मी म्हणायचे, मामांना विचारा. त्यांना कोण विचारणार?

रविवारी दुपारी मामांनी टोपी घातली. "सूनबाई, चल. मला एकट्याला दिसायचं नाही नीट." पट्टी आदल्या दिवशीच निघाली होती आणि दुसऱ्या डोळ्याने त्यांना छान दिसत होतं, पण मी चपला घातल्या. आम्ही जवळच्या रस्त्याने गेलो. वाटेत दोनदा ते थांबले आणि दोनदा मला वाटलं, आता फिरतात माघारी. म्हाताऱ्याने दार लावून घेतलं तर मामांना परत कसं न्यायचं, याचाच विचार डोक्यात.

अर्जनवीस अंगणात बाजेवर बसले होते, वाळलेले, जाड भिंगाचा चष्मा लावून. त्यांनी पाहिलं, पण उठले नाहीत.

मामा उन्हात उभे राहिले. "त्या दिवशी तू राजीनामा म्हणालास, तो कुठला?"

"कुठला म्हंजे? राजीनामा राजीनामाच असतो की."

"मला वाटलं, तू सोडून जातोयस."

"हात पुढं केल्ता मी," अर्जनवीस म्हणाले. "तुमी त्यात कागद ठेवला."

"चुकलो," मामा म्हणाले.

गेले कित्येक दिवस मी लोकांकडून हाच शब्द कसा वदवून घेतला जातो ते वाचत होते. इथं कुणी मागितला नव्हता. मला रडू आवरेना, मी पदराने डोळे पुसत राहिले, आणि त्या दोघांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

अर्जनवीस बाजेवर जरा सरकले. "बसा. टाक्याला ऊन सोसायचं न्हाई. डावा डोळा का उजवा?"

"उजवा," मामा बसत म्हणाले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण? दवाखान्याच्या फाटकापोत्तर आल्तो मी. आत यावं का न्हाई, त्येच कळंना."