शैलाच्या आवाजातला पाळणा

शैला सोपी बाई नाही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही तिला गरीब गाय समजाल. माइक पुढे केला तर ती हाताने बाजूला सारते, मध्येच कुणी बोललं तर गाणं थांबवून त्याच्याकडे बघत बसते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती तेव्हा हाताखालची पोरं तिला टरकून असायची. तरी इथे लंडनकडे स्लाऊपासून वेम्बलीपर्यंत मराठी घरात बारसं ठरलं की पहिला फोन तिलाच जायचा. प्रत्येक बाळासाठी ती नवा पाळणा रचायची आणि स्वतः म्हणायची.

तिची पद्धत मला पाठ आहे, कारण गाडी माझी असायची. बारशाआधी ती त्या घरी जाऊन बसायची आणि चहा पिता पिता नको ते विचारायची. बाळ कुणाच्या कडेवर गप्प होतं? कुणाकुणाची बोलाचाल बंद आहे? काका, मामा, आत्या सगळ्यांच्या पाळण्यात असतात, पण हिच्या पाळण्यात ते जसे आहेत तसे यायचे. एका आजोबांना विसर पडायला लागला होता, तर तिच्या कडव्यात बाळच त्यांना आपलं नाव पुन्हा पुन्हा सांगत होतं. आजोबा रडायला लागले तेव्हा शैला त्यांच्यावरच डाफरली, की आधी गाणं पुरं होऊ द्या.

लीलावतीच्या नातीचं बारसं ठरलं आणि शैलाला कुणी विचारलंच नाही. लीलावती तिची जिवाभावाची मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी लीलावतीचा थोरला, यशोधन, मोटरवेवरच्या अपघातात गेला, तेव्हा शैला उठून तिच्याकडे राहायला गेली होती. आता धाकट्या नीलला मुलगी झाली होती, आणि आम्हाला आलं ते नुसतं व्हॉट्सॲपवरचं आमंत्रण.

"विसरली असेल," शैला म्हणाली.

"पाळणा काय छत्री आहे विसरायला?" मी म्हटलं.

हॉलमध्ये पाय ठेवतो तोच नील धावत आला. "शैलाकाकू, सरप्राइज! तुम्हाला आज काहीच करायला नको. तुमचे सगळे जुने व्हिडिओ आम्ही एआयला दिले अँड इट लर्न्ड युअर व्हॉइस. आवाज एकदम सेम आली आहे!"

"कुणाला विचारून?" शैलाने विचारलं.

"इट्स अ ट्रिब्यूट, काकू."

चोरीला हल्ली ट्रिब्यूट म्हणतात, हे मला नवीन होतं. त्याची बायको शाल्मली शेजारी गोड हसत उभी. "आणि गाणंपण एआयनंच लिहिलं, पाच मिनिटांत! नावं सगळी आमच्या लग्नपत्रिकेवरून घातली. काकू, तुम्ही फक्त पाळण्यापाशी उभ्या राहाल ना? फोटोसाठी."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "जिवंतपणीच तेरावं घालतायत तुझं," मी शैलाला म्हटलं. "चल इथून."

"लीलावतीसाठी थांबते," ती म्हणाली.

आणि थांबली. पाळण्याला हात लावून, ओठ मिटून उभी राहिली, आणि स्पीकरमधून शैला गायला लागली. ते वाईट होतं असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण आवाज हुबेहूब तिचा, मधला श्वाससुद्धा तिचाच. शब्द मात्र मिठाईच्या डब्यावर छापतात तसे. आत्या सोन्याचे वाळे आणत होती, मामा चांदीचा खुळखुळा. बायका माना डोलवत होत्या, आणि मला एकेकीला धरून हलवावंसं वाटत होतं. मग ते कडवं आलं.

काका यशोधन घाईने येई,
बाळीला कडेवर उचलून घेई...

नीलची लग्नपत्रिका यशोधन असतानाची होती. एवढं पाच मिनिटांत कुणाला सुचलं नव्हतं. बायकांच्या माना डोलायच्या थांबल्या. नील अजून हसत शूटिंग करत होता, त्याला मराठी उशिरा कळतं. शाल्मलीने धडपडत स्पीकर बंद केला.

शैला पाळण्यावरचा हात काढून लीलावतीकडे वळली. "लीले, हे मी नाही गं रचलं."

लीलावती खुर्चीतून उठली. आता ही पोराच्या थोबाडीत मारणार असं मला वाटलं, आणि तिने मारावी अशी माझी मनापासून इच्छा होती. ती सरळ स्पीकरपाशी गेली.

"पुन्हा लाव."

"आई, सॉरी, आय डिडन्ट..."

"यशोधनचं कडवं लाव."

शैलाने तिचा हात धरला. "माझ्या आवाजात नको, लीले. तो येतो असं मी तुझ्यासमोर कधी म्हटलं नसतं."

"ठाऊक आहे. तू त्याचं नावच गाळलं असतंस. तो गेल्यापासून सगळेच गाळतात, तूसुद्धा."

हे शैलाला लागलं. तिची मान खाली गेलेली मी त्याआधी कधी बघितली नव्हती. ती म्हणाली, "मी म्हणते. आत्ता रचते, त्याचं नाव घेऊन. बंद कर ते यंत्र."

लीलावतीने हात सोडवून घेतला. आवाज चढवला नाही. "तू खरं गाशील, शैला. मला खरं नकोय. नील, लाव."

आम्ही बाहेर पडलो. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही, शैलानेही बघितलं नाही. दिवस उकाड्याचा, हॉलच्या खिडक्या सताड उघड्या. गाडीत बसलो आणि कार पार्कभर शैलाचा आवाज यायला लागला. काका यशोधन घाईने येई. संपलं की पुन्हा तेच. माझ्या शेजारी शैला सीटबेल्ट हातात धरून बसली होती. तो तिने लावला नाही आणि सोडलाही नाही.

"सुमे, मला ते ऐकवत नाही," ती म्हणाली.

मी हॉर्न दाबून धरला, ते गाणं त्यात बुडालं. खिडकीत माणसं जमली, नील हातवारे करत बाहेर आला, तरी मी हात काढला नाही.