मयासा आणि माझा पंचा

आखातातल्या अजमानहून, मेहुण्याच्या घरून, पहाटे निघालो तेव्हा माझ्या अंगात जागोजागी खिसे असलेली खाकी पँट होती, डोक्यावर कडेला दोरी लोंबणारी टोपी होती आणि गळ्यात पंचा होता. पँट आणि टोपी मेहुण्याच्या पैशाने घेतलेली, पंचा इस्लामपूरचा, लाल काठाचा. इस्लामपुरातल्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर मी आदल्या दिवशीच 'उद्या दुपारी वाळवंटात शिकार' असं टाकून ठेवलं होतं. त्यावर आमच्या निकमांनी विचारलं होतं, "झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारे कुलकर्णी ते तुम्हीच ना?"

मेहुणा संदीप रास अल खोरला शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी हमद नावाच्या एका अरब तरुणाने आम्हाला बोलावलं होतं. हमदचे वडील, ज्यांना सगळे बू हमद (हमदचे बाबा) म्हणत, ससाणा घेऊन हुबाऱ्याची शिकार करणार होते. हुबारा म्हणजे आपल्या माळढोकाचा धाकटा चुलतभाऊ. रानातला मारायला बंदी आहे; पैदास करून वाढवलेले पक्षी राखीव जागेत सोडतात आणि तिथेच, परवाना घेऊन, शिकार होते. हे सगळं संदीपने मला दोनदा समजावलं, कारण पहिल्यांदा मी बंदुकीला हात लावायला मिळेल का, असं विचारलं होतं.

"दाजी, बंदूक नसते. पक्षी पक्ष्याला धरतो."

"मग आपण काय करायचं?"

"आपण गप्प बसायचं. जमेल?"

मागच्या सीटवरून त्याची मुलगी रिया म्हणाली, "आय डोन्ट थिंक सो." रिया अजमानातच वाढलेली. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजी, आणि थोडक्यात.

रुवैसच्या रस्त्याला लागलो की उजवीकडे समुद्र असतो, पण दिसत नाही. डावीकडे वाळू असते आणि ती दिसायची थांबत नाही. महामार्ग सोडून आत वळलो, राखीव जागेच्या फाटकावर नावं सांगितली आणि पुढे एका टेकाडाच्या आडोशाला गालिचा अंथरलेला दिसला. त्यावर बू हमद बसले होते. पांढरी दाढी, पांढरा झगा, डोळ्यांवर जाड भिंगं. शेजारी वाळूत रोवलेल्या लाकडी खुंटावर त्यांची ससाण्याची मादी, मयासा, बसली होती. डोळ्यांवर कातडी टोपी. या टोपीला तिथे बुरखाच म्हणतात.

"मयासा," बू हमद म्हणाले. तरुणपणी लाकडी जहाजावरून खजूर घेऊन ते मुंबईला येत असत, त्यामुळे हिंदी येत होतं. "इतनी सी थी. मैंने अपने हाथ से खिलाया. आज पहली बार खुली छोड़ेगा."

हमदने मला हळूच सांगितलं की बाबांचे डोळे आता गेल्यात जमा आहेत आणि ही त्यांची शेवटची मादी. यापुढे ते ससाणा पाळणार नाहीत. हे ऐकून मी गंभीर चेहरा केला आणि गहवा प्यायला लागलो.

गहवा म्हणजे वेलदोडा घातलेली, बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी. कप अंजिराएवढा. संपला की हमद लगेच भरी. नको म्हणणं बरं दिसेना, म्हणून मी पीत गेलो. नंतर मचबूस आला (मसालेभातच, पण सुक्या लिंबाच्या आंबट वासाचा), सगळ्यांनी एकाच परातीतून हाताने खाल्ला, मी हात पंचाला पुसले आणि पुन्हा गहवा सुरू झाला.

"दाजी, कप हलवा," संदीप कुजबुजला. "रिकामा कप हातात डावीउजवीकडे हलवला की वाढायचं थांबतात."

"हे आधी सांगायचं."

"मला वाटलं तुम्हाला आवडतोय."

दुपार कलली तशी हालचाल सुरू झाली. हमदने मयासाच्या पाठीशी एक बारीकशी वस्तू लावायला घेतली, शेंगदाण्याएवढी, मागे तारेची शेपटी असलेली. तेवढ्यात टेकाडावरून बू हमदनी हात वर केला. वाळू चाचपताना हुबाऱ्याच्या पावलांचे ठसे त्यांच्या बोटांना लागले होते. "चाचा, ये पकड़ो ज़रा," म्हणून हमदने ती वस्तू माझ्या हातात दिली आणि पक्षी घेऊन पळाला.

आता, परक्याची किमती वस्तू हातात आली की माणूस काय करतो ते मला ठाऊक नाही. आमच्या घरात ती चोरखिशात जाते. सदऱ्याच्या आत बंडी, बंडीला आतून चोरखिसा, खिशाला पिन. खाकी पँटचे इतके खिसे रिकामे असताना मी ती वस्तू तिथे ठेवली, पिन लावली आणि निश्चिंत झालो. इतका निश्चिंत की विसरलो.

बू हमदनी बुरखा काढला. मयासाने मान फिरवून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, असं मला वाटलं. मग ती उडाली. समोरच्या झुडपातून हुबारा उठला, मातकट रंगाचा, लांब मानेचा, कुठल्याशा सभेला उशीर झालेल्या गृहस्थासारखा. मयासा वरून सुटली. अंतर कमी कमी होत गेलं. आणि हुबाऱ्याने ऐन वेळी शेपटी उचलून तिच्या तोंडावर चिकट शिटेची पिचकारी मारली.

"ग्रोस," रिया म्हणाली.

हा त्या पक्ष्याचा नेहमीचा डाव असतो, म्हणे. मयासाला तो कुणी सांगितला नव्हता. तिने हवेतच अंग झटकलं, एक गिरकी घेतली आणि टेकाडांच्या पलीकडे निघून गेली. हुबारा दुसरीकडे गेला. राहिलो आम्ही.

बू हमदनी तिलवा काढला. तिलवा म्हणजे दोरीला बांधलेला पिसांचा झुबका. तो डोक्यावर गरगर फिरवला की शिकवलेला ससाणा खाण्याच्या आशेने परत येतो. म्हातारबुवा खांदा दुखेपर्यंत तो फिरवत राहिले, नाव घेऊन हाका मारत राहिले. आभाळ रिकामंच.

"रात हुआ तो खलास," ते म्हणाले. "सुबह वो मेरी नहीं, रेगिस्तान की होगी."

"बाबा, फिकर नहीं," हमद म्हणाला. "ट्रान्समीटर लगाया है." त्याने फोन उघडला. पडद्यावर हिरवा ठिपका लुकलुकत होता. "इधर ही है. एकदम पास. यल्ला."

आम्ही सगळे जीपमध्ये चढलो. हमदने जीप टेकाडावर घातली. ठिपका हलला. उतरणीला लागलो, ठिपका उतरला. डावीकडे वळलो, ठिपका डावीकडे.

"हमारे ऊपर उड़ रही है," हमद म्हणाला. "साथ साथ."

संदीपने छताची काच सरकवून डोकं बाहेर काढलं. "दिसत नाही."

"और ऊपर देखो."

बू हमदचा चेहरा उजळला होता. ती आपल्याला सोडून गेली नाही, वरून सोबत करते आहे, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मीही भारावून मान वर केली, मान वर करताना छातीला पिन टोचली, आणि मला सगळं एकदम आठवलं.

ठिपका माझ्यासोबत आणखी एक टेकाड चढला. मग म्हणालो, "हमदभाई, गाडी जरा रोको."

सदरा वर करून, बंडी उलटी करून, पिन काढून मी ती वस्तू बाहेर काढली. हमदने फोनकडे पाहिलं, माझ्या तळहाताकडे पाहिलं. घाईत ती लावायची राहिली, हे त्यालाही आत्ताच आठवत होतं. बू हमदना दिसलं नसलं तरी कळलं होतं. ते खाली उतरले आणि वाळूत उभं राहून पुन्हा तिलवा फिरवू लागले, आधीपेक्षा हळू.

मला कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. शिवाय गहव्याने आता आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली होती. "जरा जाऊन येतो," म्हणून मी पाण्याची बाटली घेऊन दूरच्या एका टेकाडामागे गेलो. काम झाल्यावर हात धुतले, तोंड धुतलं. पंचाला मसालेभाताचा वास येत होता, म्हणून उरलेल्या पाण्यात तोही धुतला, पिळला आणि आंघोळीनंतर अंगणात रोज करतो तसा, पाणी निथळावं म्हणून डोक्यावर गरगर फिरवला.

आभाळातून कुणीतरी दगड मारल्यासारखं झालं. पंचा हिसकला, मी वाळूत बसलो. डोळे उघडले तर पंचाचं एक टोक माझ्या मुठीत आणि दुसऱ्या टोकावर मयासा. लाल काठात नख्या रुतवून ती माझ्याकडे बघत होती. खायला कुठंय, असा सरळ प्रश्न चेहऱ्यावर.

सोडावा तर पंचासकट उडेल, ओढावा तर माझ्यावर येईल, ओरडावं तर बिचकेल. मी डाव्या हाताने फोन काढला.

"दाजी, फोन ठेवा," संदीप म्हणाला. "आम्ही पक्षी शोधतोय."

"संदीप," मी कुजबुजलो, "मी पक्ष्याजवळ आहे."

"काय? मोठ्याने बोला."

"नाही बोलता येत."

पलीकडे झटापट झाली, मग रियाचा आवाज आला. "काका, डोन्ट मूव्ह. ब्लिंक इफ यू हॅव टू." ती फोनवर आहे, माझ्या डोळ्यांचं मिटणं-उघडणं तिला दिसणार नाही, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. मी प्रामाणिकपणे डोळे मिचकावत राहिलो.

ती बिचकू नये म्हणून बाकीच्यांना वरच थांबवून बू हमद एकटेच टेकाड उतरून आले, चाचपडत. माझ्याशेजारी गुडघे टेकले, पिशवीतून मांसाचा तुकडा काढून पंचावर ठेवला. मयासा खायला लागली. त्यांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं, मग तेच बोट पंचाच्या विणीवरून फिरवलं.

"ये क्या है?"

"पंचा. नहाने का."

ते हसायला लागले. हसता हसता भिंगं काढून डोळे पुसायला काही सापडेना, तेव्हा पंचाचं माझ्याकडचं टोक घेतलं.

निघताना मी पंचा मागितला नाही. मयासा पुन्हा खुंटावर बसली होती, पण तो तिच्या पायाखालून काढू देत नव्हती. बू हमदनी आपल्या डोक्यावरचा पांढरा घुत्रा (अरबांचा डोक्याचा रुमाल) काढून माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "अभी बराबर."

इस्लामपुरात परतल्यावर निकमांनी पहिल्याच सकाळी काय मारलं ते विचारलं. मी म्हणालो, गहवा. घरी बायकोची तक्रार वेगळी होती. आंघोळ करून मी तो घुत्रा गुंडाळून बाहेर आलो की ती म्हणते, याने पाणी काही टिपलं जात नाही, फरशी ओली होते, आपला पंचा कुठे टाकून आलात? आता तो आपला राहिला नाही, हे तिला पटत नाही.

परवा रियाचा व्हिडिओ आला. वाळूच्या टेकाडावर बू हमद उभे आहेत, पांढरा झगा वाऱ्याने फुगलेला, आणि ते इस्लामपूरचा लाल काठाचा पंचा डोक्यावर गरगर फिरवतायत. बराच वेळ काहीच होत नाही. मग कोपऱ्यातून एक ठिपका येतो, मोठा होत जातो. खाली रियाने मराठीत लिहिलंय, मी तिचं पहिल्यांदाच वाचलेलं मराठी: "काका, पिसांकडे ती आता बघतच नाही. हा फाटत आलाय. अजून पंचे पाठवा."

काल बाजारात जाऊन आणले. दुकानदाराने विचारलं, अंग पुसायला हवेत ना? मी हो म्हणालो. सगळं सांगत बसलो असतो तर त्याने दुकान बंद केलं असतं.